तीन लिटरची राखण

राखण म्हणजे काय हे कोकणाबाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून आधी थोडक्यात सांगते. बागेची जमीन कागदोपत्री कोणाच्याही नावावर असली तरी तिचा एक जागेवाला असतो. तो दिसत नाही, पण झाडांवर, माणसांवर आणि चोरांवर लक्ष ठेवतो, आणि त्याबद्दल वर्षातून एकदा त्याला नारळ, कोंबडा, विडी आणि दारू द्यावी लागते. मी अठ्ठावीस वर्षं रत्नागिरीत भौतिकशास्त्र शिकवलं. जागेवाल्याबद्दलचं माझं मत मी कोणाला सांगितलेलं नाही आणि कोणी विचारलेलंही नाही.

आमची आंब्याची बेचाळीस कलमं आहेत. राखण दरवर्षी माझे मोठे दीर करतात. गेल्या वर्षी नेमकं त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत ठरलं, त्याची तारीख पुढे पुढे जात राहिली, आमचे हे त्यांच्या सोबतीला गेले, आणि जानेवारीत व्हायची राखण एप्रिल उजाडला तरी राहिली. आंबा तयार झाला होता. आमचे आंबे उतरवतो तो भागोजी. त्याच्या हाताखाली सहा माणसं, आणि बायको गंगुबाई पेट्या भरते. भागोजीने फोनवर मला शांतपणे सांगितलं, की राखण झाल्याशिवाय तो झाडावर माणूस चढवणार नाही. रविवारपर्यंत झाली तर ठीक, नाहीतर सोमवारी तो पलीकडच्या बागेत जाणार. तिथली राखण वेळेवर झालेली आहे.

मी म्हटलं, "भागोजी, एखाद्या वर्षी मागेपुढे झालं तर काय बिघडतं?"

"मागं एकदा बिनराखणीचा माणूस चढवला, वहिनी. पडला."

"किती उंचावरून?"

"पाच फूट."

"पाच फूट म्हणजे काही फार नाही."

"तेच तर," भागोजी म्हणाला. "पाच फुटांवरनं कोण पडतो?"

बेचाळीस झाडांचा आंबा मी एकटी उतरवू शकत नव्हते, त्यामुळे राखण करायची हे ठरलं. नारळ घरचा होता, कोंबडा आणि विडी भागोजी बघणार होता. राहिली दारू.

रत्नागिरीत दारूच्या दुकानांची टंचाई नाही. माझी अडचण गिऱ्हाइकांची होती. वर्षाला दोनशे धरले तरी अठ्ठावीस वर्षांत पाच हजार सहाशे विद्यार्थी माझ्या हाताखालून गेले. त्यातले निम्मे मुंबई-पुण्याला गेले असं धरलं, उरलेल्यांतले निम्मे घेत नाहीत असं उदारपणे मानलं, तरी चौदाशे माणसं उरतात, आणि ती सगळी संध्याकाळी त्याच चार-पाच दुकानांसमोर उभी असतात. त्या रांगेत मी उभी राहणार नव्हते.

मग मला माळ्यावरचं खोकं आठवलं. माझा पुतण्या हर्षद बोटीवर असतो. गणपतीला आला तेव्हा त्याने आम्हाला तीन लिटर लाल वाईनचं एक पुठ्ठ्याचं खोकं दिलं होतं. "काकू, हृदयाला चांगली असते," असं म्हणून त्याने ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि मी ते त्याच दिवशी माळ्यावर ठेवलं. आता खाली उतरवून नीट वाचलं. आत प्लास्टिकची पिशवी, पिशवीला तोटी. वापरण्याची मुदत संपायला अकरा दिवस शिल्लक. उघडल्यावर सहा आठवडे टिकते असंही छापलेलं होतं. का टिकते, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडायला हवा होता. तो पडला नाही, ही माझी चूक मी इथेच नोंदवते.

माझा हिशेब साधा होता. जागेवाल्याला दोनशे मिलिलिटर, बाकीची पुन्हा माळ्यावर. दिरांना फोन केला तर ते गुंगीत होते. ते एवढंच म्हणाले, की काहीही दे, पण कमी देऊ नको. भागोजीला वाईन चालेल का विचारलं, तर त्याने ती चढते का असं विचारलं. मी म्हटलं, बारा टक्के. भागोजीने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग जरा जास्त लागंल."

राहता राहिला प्रश्न तोटीचा. बाहेरून तोटी दिसतच नव्हती. खोक्याच्या एका बाजूला ठिपक्यांची गोल रेघ होती आणि तोटी तिच्या मागे असावी असा अंदाज होता. कोणतंही उपकरण पहिल्यांदा लोकांसमोर वापरू नये, हा प्रयोगशाळेतला नियम मी आयुष्यभर पाळला. पण घरी उघडून तपासलं असतं तर उघडलेलं खोकं स्कूटरवरून न्यावं लागलं असतं. म्हणून मी चौकशी करायची ठरवली, आणि तीही आडून.

खालच्या मजल्यावरच्या मृणालीला मी विचारलं, की समजा एखाद्या खोक्यात द्रवाने भरलेली पिशवी असेल आणि तिला तोटी असेल, तर ती उघडण्यात काही विशेष असतं का. मृणालीच्या नवऱ्याचे मिरकरवाडा बंदरात मासेमारीचे दोन ट्रॉलर आहेत. ती लगेच म्हणाली, की त्यांच्या बोटीवर पिण्याच्या पाण्याचा तोटीवाला जार असतो, आणि वरचं झाकण सैल केल्याशिवाय त्याला धारच लागत नाही. मग तिने आवाज खाली करून विचारलं, "वाईन आहे का, बाई?"

तिच्या सासूबाई, मथुराकाकू, आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, की गोडेतेलाचा डबा त्या पन्नास वर्षं फोडत आल्यात, एक भोक धारेला आणि समोरच्या कोपऱ्यात एक वाऱ्याला. एकच पाडलं तर तेल गचके खात येतं आणि ओटाभर होतं. "आणि गो, वाईन असली तर सर्दीला मला दोन चमचे ठेव," असंही त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या आणखी तीन घरांत कोणाकोणाला सर्दी असल्याचं मला समजलं.

सल्ला मात्र बरोबर वाटला. प्रयोगशाळेतल्या ब्युरेटच्या काचेच्या नळीचं वरचं तोंड बोटाने दाबून धरलं तर खालची तोटी उघडूनही थेंब पडत नाही, हे मी दरवर्षी मुलांना दाखवत असे. तेलाचा डबा, पाण्याचा जार, ब्युरेट. तीन स्वतंत्र निरीक्षणं, निष्कर्ष एकच: हवेला वाट दिल्याशिवाय धार लागत नाही. विज्ञानात याहून कमी पुराव्यावर मोठमोठे सिद्धांत उभे राहिलेले आहेत. पडलेलेही आहेत.

आता परवाना. दारू जवळ बाळगायला परवाना लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी तो काढत नाही. पण गेल्या वर्षी तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता होती, बागेच्या वाटेवर गाड्या तपासत होते, आणि निवृत्त शिक्षिका तीन लिटर वाईनसह पकडली, ही बातमी मला मथुराकाकूंच्या तोंडून ऐकायची नव्हती. म्हणून मी रीतसर उत्पादन शुल्काच्या कचेरीत गेले. टेबलाशी दीपाली होती, दोन हजार अकराच्या तुकडीतली. ती उठून उभी राहिली, मला खुर्ची दिली, आणि कोणासाठी परवाना हवा ते विचारलं. मी खरं ते सांगितलं.

दीपालीने फॉर्म माझ्याकडे वळवला आणि पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. "बाई, यात पिणाऱ्याचं नाव आणि वय लागतं."

"नाव जागेवाला. वय मला माहीत नाही. पंचविसाच्या वर नक्की असेल."

"फोटोसुद्धा लागतो, बाई."

शेवटी तिने मार्ग काढला. परवाना मी माझ्या नावावर घ्यावा, तोही एका दिवसाचा, आणि एका दिवसाचा परवाना कचेरीत येण्याची गरजच नाही. तो दारूच्या दुकानात मिळतो.

मी शनिवारी भर दुपारी दीड वाजता गेले. या वेळी तिथे कोणी नसेल असा तर्क होता. अकरा माणसं होती. पहिल्याने मला पाहिलं आणि हातातलं मागे लपवलं. दुसऱ्याने नमस्कार केला. मग कोणीतरी मागून म्हणालं, "बाई आल्यात, वाट द्या रे," आणि ती अख्खी रांग, वर्गात कधी झाली नव्हती इतकी सरळ, बाजूला सरकली. त्या मोकळ्या वाटेने मी काउंटरपर्यंत चालत गेले. ते अंतर सुमारे पाच मीटर असावं.

"फक्त परवाना द्या. उद्याच्या तारखेचा," मी म्हटलं.

दुकानदार म्हणाला, की नुसता परवाना आजवर कोणी मागितला नाही. लोक बाटली घेतात आणि परवाना नको म्हणतात. मी म्हटलं, बाटली माझ्याकडे आहे. इथे कोणी विचारेल, की दुकानापर्यंत पोहोचलाच होतात तर एक छोटी बाटली घेऊन मोकळ्या का झाला नाहीत. हा विचार माझ्या मनात आला होता. पण अकरा विद्यार्थ्यांसमोर एकदा केलेलं विधान बदलायचं, हे मला जमत नाही.

रविवारी सकाळी खोकं स्कूटरवर पायांपाशी ठेवून निघाले. नाक्यावर पोलिसाने अडवलं. मी परवाना काढून पुढे केला. तो न बघता त्याने खोक्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, आंबे का. मी म्हटलं, नाही, वाईन, तीन लिटर. तो हसला. "काय बाई, चेष्टा करता," असं म्हणून त्याने मला हात दाखवून पुढे सोडलं. तो परवाना आजतागायत कोणीही पाहिलेला नाही.

बागेत जागेवाल्याची जागा म्हणजे वरच्या कोपऱ्यात, कातळ सुरू होतो तिथे, एक हातभर उंच दगड. भागोजीने तो धुऊन ठेवला होता. नारळ, विड्या मांडल्या होत्या, कोंबडा पायाला दोरी बांधून बाजूला उभा होता. सहा माणसं डोक्यावरच्या टोप्या काढून ओळीने उभी. गंगुबाई जरा मागे, पेट्यांच्या ढिगावर बसून आमच्याकडे बघत होती. मी खोकं दगडासमोर ठेवलं, खांद्यावरच्या पिशवीतून मोजपात्र काढलं आणि ठिपक्यांच्या रेघेवर अंगठा दाबला.

गोल पुठ्ठा आत गेला आणि त्याच्याबरोबर तोटीही आत गेली. ती दोन बोटांनी धरून बाहेर ओढायला चार मिनिटं लागली. सहा माणसं टोप्या हातात धरून उभीच होती. बाहेर आली तेव्हा ती लाल बटणाची, नीटनेटकी, चांगल्या बनावटीची तोटी निघाली. मी मोजपात्र खाली धरलं आणि बटण दाबलं.

काही आलं नाही. पुन्हा दाबलं. बटण थोडं आत जाऊन अडत होतं. भागोजीने दाबलं. सगळ्यात दांडग्या माणसाने दाबलं. थेंब नाही.

"म्हाराज घेत नाय," त्या माणसाने हळूच म्हटलं, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. दोघे जण कलमांकडे बघायला लागले, मग एकमेकांकडे. ही माणसं आता गेली तर परत येणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसलं. म्हणून मी, वर्गात बोलायचे त्या आवाजात, खुलासा केला. यात घाबरण्यासारखं काही नाही. बाहेरच्या हवेचा दाब आतल्या द्रवाला अडवून धरतो. तेलाच्या डब्याला आपण दुसरं भोक पाडतो ते याचसाठी. हवेला वाट करून दिली की धार लागेल.

मागून गंगुबाई म्हणाली, "वहिनी, पण ती पिशवी हाय ना? पिशवी चेपत जाईल आपसूक. दुधाच्या पिशवीला आपण कुठं दुसरं भोक पाडतो?"

मी तिला म्हटलं, "गंगुबाई, हे जरा वेगळं आहे." मी हे खरोखर म्हटलं, आणि पिशवी चेपत जाते, आत हवा शिरत नाही, म्हणूनच ती वाईन सहा आठवडे टिकते, हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही. त्यात काय वेगळं होतं ते मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलंही असतं.

भागोजीच्या कमरेला दाभण होतं. मी म्हटलं, "हवेसाठी भोक पाडा," आणि खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत काही सूचना आहेत का बघावं म्हणून चष्मा शोधायला माझ्या खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. भोक वर पाडायचं, आणि एकच, हे मी बोलले नाही. मला ते गृहीत वाटलं. पण भागोजी गेली तीस वर्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांना हवेसाठी भोकं पाडत आला आहे. आंब्याच्या खोक्याला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं लागतात, नाहीतर आंबा आत उबतो. दाभण कसं धरायचं, किती आत घालायचं, हे त्याच्या हातालाच ठाऊक आहे. मी चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत आठही भोकं पाडून झाली होती.

दोन सेकंद काही झालं नाही. मग आठ धारा लागल्या.

खालच्या भोकातली धार जोरात सुटते आणि वरच्या भोकातली हळू, कारण खोलीबरोबर दाब वाढतो. डब्याला एकाखाली एक भोकं पाडून हे मी अठ्ठावीस वर्षं मुलांना दाखवलं, आणि पत्र्याचा डबा, गळकी भोकं, शेवटच्या बाकावरचा गोंधळ यामुळे ते कधीही नीट दिसलं नाही. त्या दिवशी ते अत्यंत सुबक दिसलं. डावीकडच्या चार धारा जागेवाल्याच्या दगडावर, उजवीकडच्या चार माझ्या साडीवर. मी दोन्ही हातांनी जमतील तेवढी भोकं झाकली, त्यासाठी खोक्याला मिठी मारावी लागली, आणि दाबल्यामुळे उरलेल्या भोकांचा जोर वाढला. तेवढ्यात गंगुबाई उठून आली. तिने खाली वाकून तोटी बघितली, बटणाखालची एक पारदर्शक पट्टी नखाने ओढून काढली आणि बटणाला बोट लावलं. नववी धार लागली. ती मोजपात्रात बरोबर पडली, दोनशे मिलिलिटरची खूण ओलांडून वर गेली, आणि गंगुबाईने बोट काढलं तशी थांबली.

पट्टी तिने माझ्या तळहातावर ठेवली.

खोकं रिकामं व्हायला सुमारे दहा मिनिटं लागली असावीत. घड्याळ बघायला हात मोकळा नव्हता. दगड पूर्ण लाल झाला होता, त्याच्या पायाशी कातळाच्या खळग्यात वाईनचं लहान तळं साचलं होतं, आणि कोंबडा दोरी पुरेल तितका पुढे येऊन ते पीत होता. मी भिजलेल्या साडीत उभी होते आणि मनात ठरवत होते, की आता माफी मागावी, आंबा झाडावर पिकू द्यावा, आणि मुंबईला फोन करावा.

पण कोणी हसत नव्हतं. सहाही माणसं हात जोडून उभी होती. भागोजीचा चेहरा मी आजवर पाहिला नव्हता इतका गंभीर होता. त्याने डोक्याला गमछा बांधला आणि गाऱ्हाणं घातलं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने जागेवाल्याला विनवणी केली.

"बा जागेवाल्या म्हाराजा, इतकी वर्सं तुला अर्धा तांब्या दिला, तू कधी तक्रार केलीस नाय..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज ह्या घरच्या धाकट्या सुनेनं तुला खोकाभर दिलीन. हात आखडता घेतलान नाय. आधी तुझी मर्जी नव्हती, मग तू आठ तोंडांनी घेतलीस..."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या बागेवर नजर ठेव, पोरांचा पाय घसरू देव नको. आणि ती दर वर्साला तुला इतकीच देईल."

माणसांनी माझ्याकडे बघितलं. गाऱ्हाण्यातलं वाक्य सगळ्यांनी होकार दिल्याशिवाय पुरं होत नाही. पुराव्याशिवाय कोणतंही विधान मान्य करू नये, असं मी पाच हजार सहाशे मुलांना सांगितलं आहे. त्यांतला एक जण त्या ओळीत तिसरा उभा होता, हे मला तेव्हा दिसलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी सात वाजता माणसं झाडावर होती. बेचाळीस झाडांचा आंबा अठरा दिवसांत उतरला आणि कोणी पाच फुटांवरूनही पडलं नाही. यावरून काहीही सिद्ध होत नाही. दिरांनी फोनवर विचारलं, किती दिलीस. मी आकडा सांगितल्यावर त्यांनी फोन आमच्या ह्यांच्या हातात दिला, आणि ह्यांनी कोण बोलतंय ते विचारलं. नंतर दीर म्हणाले, की आता हे काम तुझ्याकडेच राहू दे. माझा गुडघा बरा झाला तरी.

या जानेवारीत हर्षद बोटीवरच होता. मी दुपारी दीड वाजता गेले. नऊ माणसं होती. वाट मोकळी झाली.

"या बाई. यंदाही नुसता परवाना ना?" दुकानदाराने विचारलं.

"परवाना द्याच," मी म्हटलं. "शिवाय लाल वाईन. तीन लिटर."

मागे कोणीतरी खोकलं. दुकानदाराने मात्र चेहरा न बदलता खालच्या फळीवरून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, की बाई, हे नवीन आलंय, तीन लिटरचंच आहे, आणि सोयीचं पडतं, कारण याला तोटी असते.

"तोटीचं नको," मी म्हटलं. "बाटल्या द्या. चार. आणि त्या उघडतात कशा, तेवढं आत्ताच दाखवा."